विश्लेषण : ‘शोभेची’ म्हणून हिणवलेली नक्षी कलासंग्रहालयात कशी पोहोचली?

जर्मनीतील आखेन, मग ऑस्ट्रियातील व्हिएन्ना, मग बुडापेस्ट. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा, फ्रान्समध्ये दिजाँ. अमेरिकेत बोस्टन आणि लॉस एंजेलिस. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत या शहरांतील कलासंग्रहालयांनी जवळपास एकाच विषयावर मोठी प्रदर्शने भरवली. विषय होता नक्षी. वेलबुट्टी, फुलापानांचे छापील कापड, टाइलवरची भौमितिक जाळी, गोधडीसारखे जोडलेले तुकडे असे सगळे या प्रदर्शनांत होते. बहुतेक ठिकाणी केंद्रस्थानी होती १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उभी राहिलेली ‘पॅटर्न अँड डेकोरेशन’ ही चळवळ. आधीची तीसेक वर्षे कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला जेमतेम एखादा परिच्छेद मिळत असे.

दिजाँच्या प्रदर्शनाचे नाव होते ‘पॅटर्न, क्राइम अँड डेकोरेशन’. नक्षी आणि सजावट यांच्या मध्ये हा गुन्हा कुठून आला, आणि नक्षी काढणाऱ्या हातांना आज तरी त्यांचे श्रेय मिळते का, याचा हा आढावा.

नक्षी म्हणजे नेमके काय?

एकच आकृती पुन्हा पुन्हा काढली की नक्षी झाली, असे आपण सहज म्हणतो. एमी गोल्डिन या अमेरिकी समीक्षक बाईंना ते पटत नव्हते. सप्टेंबर १९७५च्या ‘आर्टफोरम’ मासिकात त्यांनी नक्षी, ग्रिड आणि चित्र यांच्याविषयी एक लेख लिहिला. नक्षी घडते ती आकृतीच्या पुनरावृत्तीमुळे नाही, दोन आकृत्यांमधले अंतर कायम राहिल्यामुळे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे खरे काम रिकाम्या जागेचे.

मराठी घरात हे समजावून सांगावे लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी काय करते? ठिपके मांडते. दोन ठिपक्यांमधले अंतर चुकले तर पुढचे कमळ कितीही रेखीव काढले तरी रांगोळी फसते.

चित्र आणि नक्षी यांत आणखी एक फरक आहे. चित्राला सहसा केंद्र असते, नजर कुठेतरी येऊन थांबते. नक्षीत थांबायला जागा नसते. ती चौकटीपाशी संपतही नाही. चौकट नसती तर ती तशीच पुढे गेली असती असे वाटत राहते. ‘एकमेव’ आणि ‘पुन्हा न होणारी’ कलाकृती हा आधुनिक कलेचा आवडता विचार. वारानुसार विकली जाणारी नक्षी त्याच्या नेमकी उलट दिशेला उभी होती.

नक्षीला ‘गुन्हा’ कोणी म्हटले?

आडोल्फ लूस या वास्तुरचनाकाराने. २०व्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्ना शहर सजावटीत बुडालेले होते. इमारतींवर सोनेरी पाने, कपाटांवर वेली, चमच्यांवरही फुले. लूसने १९१०च्या सुमारास ‘ऑर्नमेंट अँड क्राइम’ हे व्याख्यान दिले. संस्कृती जसजशी पुढे जाते तसतशी रोजच्या वापराच्या वस्तूंवरून नक्षी गळून पडते, हे त्याचे मुख्य सूत्र. त्याने उदाहरण दिले ते पापुआच्या आदिवासीचे. तो अंगावर गोंदवून घेतो ते समजू शकते, पण आधुनिक माणूस गोंदवून घेत असेल तर तो गुन्हेगार किंवा विकृत असला पाहिजे, असे लूसचे म्हणणे. यातला वंशभेद आज वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

लूसचा दुसरा मुद्दा मात्र सहसा सांगितला जात नाही. नक्षीकामात श्रम वाया जातात आणि ते करणाऱ्यांना कवडीमोल मजुरी मिळते, अशी त्याची तक्रार होती. भरतकाम आणि लेस विणणाऱ्या बायकांची मजुरी त्याने पाहिली होती. स्वतःच्या जोड्यांवरची नक्षी तो चालवून घेत असे, कारण ती काढताना चांभाराला आनंद होतो हे त्याला ठाऊक होते. आता, मजुरी कमी असेल तर ती वाढवा असेही म्हणता आले असते. लूसने नक्षीच काढून टाकायला सांगितले. पुढच्या पिढीने त्यातले ‘नक्षी म्हणजे मागासलेपण’ एवढेच उचलले आणि मजुरीचा भाग विसरून गेली.

मग मातिसच्या चित्रांतल्या वेलबुट्टीचे काय?

आंरी मातिस विणकरांच्या भागात वाढला. उत्तर फ्रान्समधील बोहाँ हे त्याचे गाव कापडासाठी प्रसिद्ध होते. आयुष्यभर त्याने पडदे, गालिचे, छापील कापडे जमवली. १९०८च्या ‘हार्मनी इन रेड’ या चित्रात टेबलावरच्या कापडाची निळी वेलबुट्टी थेट भिंतीवर चढते आणि टेबल कुठे संपले, भिंत कुठे सुरू झाली हेच कळेनासे होते. १९१०मध्ये म्युनिकला इस्लामी कलेचे भव्य प्रदर्शन भरले तेव्हा तो ते पाहायला मुद्दाम गेला. त्यानंतर स्पेन, मग मोरोक्को.

म्हणजे नक्षी मातिसने घेतली तर ती धाडसी चित्रकला ठरली. तीच नक्षी ज्या विणकराकडून घेतली, त्याचे काम ‘उपयोजित कला’ म्हणून संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, बहुधा नावाशिवाय. तरीही मातिसलासुद्धा ‘सजावटी’ हा टोमणा सुटला नाही. न्यूयॉर्कचा दबदबा असलेला समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग याला तर आधुनिक चित्रकलेच्या मानगुटीवर सजावटीचे भूत बसले आहे असेच वाटत असे. अमूर्त चित्र भिंतीच्या कागदासारखे दिसू लागले तर काय, ही ती भीती.

जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा १९१९मध्ये निघाली तीच कलाकार आणि कारागीर हा भेद मिटवण्याची घोषणा करून. पण तेथे आलेल्या मुलींना लवकरच विणकाम विभागाकडे वळवले जाऊ लागले. आनी आल्बर्स १९२२मध्ये तेथे दाखल झाल्या. मागाची आवड म्हणून त्या विणकामाकडे आल्या नव्हत्या, दुसरे पर्याय फारसे नव्हते म्हणून आल्या. पुढे त्याच मागावर त्यांनी अमूर्त कलेतील काही उत्तम कामे केली. १९४९मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ने त्यांचे प्रदर्शन भरवले. एका वस्त्रकलावंताचे स्वतंत्र प्रदर्शन त्या संग्रहालयात पहिल्यांदाच होत होते. लंडनच्या ‘टेट मॉडर्न’ला त्यांचे मोठे प्रदर्शन करायला २०१८ साल उजाडावे लागले.

१९७५मध्ये न्यूयॉर्कमध्ये काय घडले?

तेव्हा न्यूयॉर्कच्या कलादालनांत मिनिमलिझमचे राज्य होते. धातूच्या पेट्या, जमिनीवर मांडलेल्या पट्ट्या, पांढऱ्या भिंती, आखीव चौकोन. ही कामेसुद्धा पुनरावृत्तीवरच उभी होती, हे विशेष. चौकोन सात वेळा मांडला तर तो विचार ठरे, फूल सात वेळा काढले तर मात्र ते पडद्याचे कापड. या दुटप्पीपणाला कंटाळलेले काही चित्रकार १९७५मध्ये रॉबर्ट झकानिच याच्या स्टुडिओत जमू लागले. मिरियम शापिरो, जॉइस कोझलॉफ, व्हॅलरी जॉडन, टोनी रॉबिन, रॉबर्ट कुशनर ही त्यांतील काही नावे. त्यांत स्त्रिया होत्या तसे पुरुषही होते. पुढच्याच वर्षी ‘टेन अप्रोचेस टू द डेकोरेटिव्ह’ हे प्रदर्शन झाले आणि १९७७मध्ये ‘पी.एस.१’ या केंद्रात ‘पॅटर्न पेंटिंग’.

प्रत्येकाची वाट वेगळी होती. कुशनर कॅलिफोर्नियात गोल्डिनबाईंचा विद्यार्थी. १९७४मध्ये दोघे इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तान फिरून आले. परतल्यावर त्याने कॅनव्हास चौकटीवर ताणणेच सोडले. त्याची रंगवलेली कापडे अंगावर घेता येत आणि भिंतीवर सैल टांगताही येत. कोझलॉफ मेक्सिको आणि मोरोक्कोतून इमारतींवरील भौमितिक नक्षी वहीत उतरवून आणत. चित्रात नक्षी वापरायची तर ती भिंतीवर आणि पायाखाली का नसावी, असा प्रश्न त्यांना पडला. ‘अॅन इंटिरिअर डेकोरेटेड’ या कामात त्यांनी हाताने रंगवलेल्या टाइलची जमीन, टाइलचे खांब आणि छापील रेशमी कापडे अशी अख्खी खोलीच मांडली. नंतर तर त्या कलादालन सोडून स्टेशनांकडे वळल्या. बोस्टनजवळच्या हार्वर्ड स्क्वेअर भुयारी स्थानकातील त्यांची १९८५ची टाइलची लांबलचक भिंत प्रवासी रोज पाहत जातात. तिला त्यांनी नाव दिले ‘न्यू इंग्लंड डेकोरेटिव्ह आर्ट्स’. जो शब्द टोमण्यासाठी वापरला जाई, तोच पाटीवर.

शापिरो यांची गोष्ट थोडी निराळी. आखीव कडांची अमूर्त चित्रे काढणाऱ्या नामांकित चित्रकारांत त्यांची गणना होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस संगणकाची मदत घेऊन चित्र रचणाऱ्या मोजक्या लोकांतल्या त्या एक. १९७२मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जुडी शिकागो आणि विद्यार्थिनींबरोबर त्यांनी एका पडीक घराचे ‘वुमनहाउस’ केले आणि त्यानंतर त्यांचे काम बदलले. व्याख्यानांना आलेल्या बायकांकडून त्या रुमाल, लेसचे तुकडे, अॅप्रन मागून घेऊ लागल्या. हे तुकडे चित्रात रंगाच्या शेजारी चिकटू लागले. ‘अॅनाटॉमी ऑफ अ किमोनो’ हे १९७६चे काम दहा फलकांचे आणि सुमारे ५० फूट लांब आहे. घरगुती शिवणकामाला त्यांनी इतिहासचित्राचा आकार दिला.

या कामाला नाव हवे होते. शापिरो आणि मेलिसा मायर यांनी ‘फेमाज’ हा शब्द तयार केला. कोलाजचा शोध पिकासो आणि ब्राक यांनी १९१२मध्ये लावला असे पुस्तके सांगतात. पण कागद, कापड, फोटो, वाळलेली फुले एकत्र चिकटवण्याचे काम बायका त्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्या होत्या, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे जुन्या नऊवारीचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही आजीला तो पटला असता.

या चळवळीने नेमके काय सिद्ध केले?

चळवळीचा सर्वांत बोचरा पुरावा चित्रात नव्हता, एका लेखात होता. स्त्रीवादी कलावंतांच्या ‘हेरेसीज’ या नियतकालिकाच्या १९७८च्या अंकात जॉडन आणि कोझलॉफ यांनी तो लिहिला. लिहिला म्हणण्यापेक्षा जुळवला. आधुनिक कलेतील थोर चित्रकार, वास्तुरचनाकार आणि समीक्षक यांची वाक्ये त्यांनी एकापुढे एक मांडली. लूस त्यांत होताच, मालेविच आणि ल कॉर्ब्युझिएही होते.

वाक्ये शेजारी ठेवताच सूत्र दिसू लागले. स्तुतीसाठी येणारे शब्द ठरलेले होते : शुद्ध, पुरुषी, कणखर, प्रगत. हिणवण्यासाठीही ठरलेले : बायकी, पौर्वात्य, आदिम, सजावटी. हे चार शब्द जणू एकमेकांचे समानार्थी. ‘सजावटी’ हा शब्द चित्राच्या गुणवत्तेविषयी काही सांगतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तो काम कोणाच्या हातचे आहे, एवढेच सांगत आला होता. मराठीत ‘ती नुसती शोभेची आहे’ हे वाक्य वस्तूविषयी आणि बाईविषयी सारख्याच सहजतेने बोलले जाते, हेही येथे आठवावे.

तरीही ही चळवळ विसरली कशी गेली?

पैसा नव्हता म्हणून नव्हे. न्यूयॉर्कमधील हॉली सॉलोमन यांचे दालन १९७५मध्ये सुरू झाले आणि या चित्रकारांचे हक्काचे घर बनले. युरोपात तर चित्रे हातोहात गेली. आखेनचे संग्राहक पेटर लुडविग यांनी ती भराभर घेतली. २०१८-१९मध्ये आखेन, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या साखळीला इतके मोठे प्रदर्शन करता आले, त्याचे कारण हेच. चित्रे त्यांच्याच संग्रहात होती, फक्त कोठारात. १९८०च्या दशकात नव-अभिव्यक्तिवादी चित्रकारांची लाट आली. रंगाचे जाड थर, प्रचंड आकार आणि पुन्हा एकदा एकटा, झगडणारा, बहुधा पुरुष कलावंत. बाजार तिकडे वळला. नक्षीचित्रे सुंदर होती, पाहताना आनंद देत होती, आणि गंभीर समीक्षेला आनंदाचे काय करावे ते तेव्हाही कळत नव्हते, आजही फारसे कळत नाही.

चळवळीत खोटही होती. इराणची टाइल, मोरोक्कोची जाळी, मेक्सिकोचे कापड हे सारे अमेरिकी चित्रकारांनी मोकळेपणाने उचलले. त्यांचे प्रेम खरे होते, अभ्यासही होता. पण चित्राखाली सही झाली ती न्यूयॉर्कच्या चित्रकाराची. ज्या कारागिराची नक्षी होती तो पूर्वी निनावी होता, नंतरही निनावीच राहिला. २०१९नंतरच्या समीक्षेत या मुद्द्यावर चळवळीला बरेच ऐकून घ्यावे लागले आणि ते योग्यच झाले.

उसन्या नक्षीची गोष्ट कोणी सांगितली?

यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताने, आणि तीही नक्षीच वापरून. जन्म १९६२चा लंडनमधला, बालपण लागोसमध्ये. लंडनमध्ये शिकत असताना तो सोव्हिएत रशियातील पेरेस्त्रोइकावर काम करत होता. शिक्षकांनी विचारले, तू अस्सल आफ्रिकी कला का करत नाहीस? अस्सल म्हणजे काय, हे शोधत तो ब्रिक्स्टनच्या बाजारात गेला. तेथे ‘आफ्रिकी’ म्हणून विकले जाणारे भडक नक्षीचे सुती कापड त्याने हातात घेतले आणि ते कुठून येते याची चौकशी केली.

हे कापड मुळात इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल. १९व्या शतकात डच कारखानदारांनी ती यंत्रावर काढली, इंडोनेशियातच विकून नफा कमवायला. तेथल्या लोकांना ती पसंत पडेना. मेणाला तडे जाऊन रंगाच्या बारीक रेषा उमटत, तो त्यांना दोष वाटे. पश्चिम आफ्रिकेत मात्र त्याच रेषा आवडल्या आणि कापड तेथे रुजले. मँचेस्टरच्या गिरण्यांनीही ते छापले. आशियाई नक्षी, युरोपी यंत्र आणि आफ्रिकी ग्राहक अशी ही तिहेरी गाठ. तिला नाव पडले ‘अस्सल आफ्रिकी’.

शोनिबारेने त्याच कापडाचे व्हिक्टोरियन काळातील कोट आणि घागरे शिवले. २००३च्या ‘स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका’मध्ये १४ शिरविहीन पुतळे हे कपडे घालून टेबलाभोवती बसलेले आहेत आणि टेबलावर आफ्रिकेचा नकाशा आहे. बर्लिनमध्ये १८८४-८५ साली युरोपी सत्तांनी ती वाटणी केली होती. २०१०मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातील रिकाम्या चौथऱ्यावर त्याने नेल्सनच्या जहाजाची बाटलीतील प्रतिकृती ठेवली. तिची ३७ शिडे याच कापडाची. लोकवर्गणी जमवून ते जहाज ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. नक्षी येथे साम्राज्याच्या व्यापाराची पावती होऊन येते.

मोबाइलच्या काळात नक्षीला वेगळाच भाव आला आहे, तो मुख्यतः यायोई कुसामा यांच्या ठिपक्यांमुळे. १९२९मध्ये जन्मलेल्या या जपानी कलावंताला लहानपणापासून भास होत. ठिपके आणि जाळी सगळीकडे पसरत जाऊन आपल्यालाही गिळतील असे वाटे. त्या भीतीतून आलेली चित्रे त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला गेल्यावर मांडली. आज त्यांच्या आरशांच्या खोल्यांत सेल्फीसाठी रांगा लागतात. त्या रांगेतल्या कितीजणांना मूळ भीती ठाऊक असते, हा प्रश्न बाजूला ठेवू.

भारतात कला आणि नक्षी यांत असा भेद होता का?

होता, पण भिंत तितकी जाड नव्हती. स्वातंत्र्यानंतर हातमागाला नव्या नक्षी मिळाव्यात म्हणून विणकर सेवा केंद्रे निघाली आणि तेथे सरकारने थेट चित्रकार नेमले. के. जी. सुब्रह्मण्यन यांनी हातमाग मंडळासाठी काम केले. प्रभाकर बरवे १९६०च्या दशकात आधी वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात होते. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिणारा, वस्तू आणि तिच्याभोवतीचा अवकाश यांचा इतका बारीक विचार करणारा हा मराठी चित्रकार पोटासाठी साड्यांच्या नक्षी करत होता. २०१९मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांच्या चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, कापडाच्या कामाविषयी त्या मानाने थोडे. भेद शिल्लक आहे तो असा.

गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांच्याकडे नक्षी ही सहीच होती. मध्य प्रदेशातील पाटनगढमधून जे. स्वामिनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणले. त्यांच्या प्राण्यांच्या अंगावर बारीक ठिपके आणि रेषा यांची भरण असते. त्यांच्यामागून आलेल्या गोंड चित्रकारांनी प्रत्येकी आपापली वेगळी भरण ठरवून घेतली. भज्जू श्याम यांचे चित्र कोणते, दुर्गाबाई व्याम यांचे कोणते हे जाणकाराला नाव न वाचता कळते. जनगढ यांची चित्रे १९८९मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. २००१मध्ये जपानमधील एका संग्रहालयात मुक्कामी राहून काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवले. ती बातमी भारतातील कलाविश्वाला बराच काळ अस्वस्थ करत राहिली.

त्याच पॅरिसच्या प्रदर्शनात आपल्या डहाणू भागातील जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रेही होती. वारलींमध्ये लग्नाचा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहायचा, भोवती नक्षीचे काठ. काठाच्या प्रत्येक पट्टीला अर्थ आणि जागा ठरलेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर गेले, तेव्हा म्हसे त्यांना भेटले. लग्नविधी नसतानाही चित्र काढत बसणारा हा माणूस. भिंतीवरून कागदावर येताना चित्र बदलले. चौक मागे पडला, शेत, जाळी, मासे, मुंग्या, तारपा नाच पुढे आला. म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा मान निर्विवाद आहे. पण कागदावर आल्यावर जी नावे जगाला कळली ती बहुतेक पुरुषांची, आणि पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

कायदा नक्षीला कला मानतो का?

मानतो, पण अटीसह. आणि नक्षी काढणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न येथेच येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रकाराच्या चित्राला त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. पण ती आकृती जर कापड, टाइल, भांडे अशा वस्तूवर लावण्याजोगी नक्षी असेल, तर कलम १५ लागू होते. डिझाइन म्हणून नोंदणी केली, तर कॉपीराइट राहत नाही आणि डिझाइन कायदा, २००० नुसार आधी दहा व नंतर पाच, अशी जास्तीत जास्त १५ वर्षे मिळतात. नोंदणी केलीच नाही आणि ती नक्षी लावलेल्या वस्तूच्या यंत्रावर ५०हून जास्त प्रती निघाल्या, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो.

दिल्ली उच्च न्यायालयात ‘मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर’ हा खटला यावरूनच उभा राहिला. सोफ्याच्या कापडावरील फुलापानांची नक्षी ही स्वतंत्र कलाकृती आहे, असा कंपनीचा दावा होता. २००९मध्ये खंडपीठाने तो मान्य केला नाही. ती रचना मुळात कारखान्यात कापडावर लावण्यासाठीच केलेली आहे, तेव्हा तिचा विचार डिझाइन म्हणूनच व्हायला हवा, असा निर्णयाचा रोख होता. मक्तेदारी शंभर वर्षे चालू नये आणि बाजारात स्पर्धा राहावी, हा यामागचा हेतू रास्त आहे. मात्र एका चित्रकाराने कॅनव्हासवर एकदा काढलेली आणि एका आरेखनकाराने साडीसाठी काढलेली रेष यांत कायद्याने वर्षांचा केवढा फरक केला आहे, तेही दिसते.

वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून टिकवता येते. मानांकनाने ‘वारली’ हे नाव राखले जाते. ते नाव न लावता कोणी त्रिकोणी माणसांची नक्षी मगवर किंवा चादरीवर छापली, तर एकट्या कलावंताला त्याला अडवणे अवघड जाते. डिझाइन म्हणून ती नोंदवावी, तर त्या कायद्याची पहिली अट अशी की नक्षी नवी हवी, पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी. सवाशिणींचा चौक त्या अटीत बसत नाही, कारण तो जुना आहे.